सोनझऱ्यांच्या मुलखातील नवे सोने

पावसाळ्याचे पाणी ओसरून वैनगंगेच्या खोऱ्यातील लहानमोठ्या नद्यांचे वाळूचे पट्टे उघडे पडले, म्हणजे त्या वाळूत सोन्याचे कण शोधीत फिरणारी माणसे पूर्व विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. त्यांना सोनझरी म्हणतात. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या, मध्यप्रांतातील जातीजमातींविषयीच्या चार खंडांच्या ग्रंथात त्यांच्यावर स्वतंत्र टिपण आहे. आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली ‘सोनझरी झरेका’ हे नाव आजही वाचावयास मिळते. जुना चांदा जिल्हा, जो १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली असा विभागला गेला, तो भूगर्भातील संपत्तीविषयी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फज्लने ‘ऐन-ए-अकबरी’त करून ठेवली, आणि कोळसा व लोखंड यांच्यासाठी तर हा मुलूख आज साऱ्या देशास ठाऊक आहे. परंतु खाण म्हटली की तिच्यामागे राजाचा अंमल, जमीनदाराचा हक्क किंवा कंपनीचा परवाना आलाच. सोनझऱ्याजवळ यांपैकी काहीही नव्हते. नदीने डोंगराचा चुरा करून जे विखरून टाकले, ते पुन्हा एकत्र करण्याची विद्या एवढेच त्याचे भांडवल होते.

या विद्येचे शास्त्रीय मूळ साधे आहे. वाळूतील गारेचे विशिष्ट गुरुत्व २.६५, लोखंडी काळ्या रेतीचे पाचाच्या किंचित वर, आणि शुद्ध सोन्याचे १९.३, त्यामुळे पसरट लाकडी पात्रात वाळू व पाणी घेऊन ते पात्र विशिष्ट लयीत हिंदकळविले असता हलकी वाळू काठावरून वाहून जाते, काळी रेती तळाशी राहते आणि त्या रेतीच्याही खाली सोने बसते. तथापि हे हिंदकळविणे म्हणजे कामाचा उत्तरार्ध होय. नदी कोठे वळते, वळणाच्या आतल्या अंगाला पुराचा वेग कोठे मंदावतो, कोणत्या खडकाच्या आडोशाला जड रेती साचते, हे ज्याला कळत नाही त्याने जन्मभर पात्र हलविले तरी त्याच्या हाती गुंजभर सोने लागावयाचे नाही. जागेची पारख हीच या धंद्यातील खरी मेहनत, आणि खरी मिळकतही तीच.

नद्यांनी पोट भरेनासे झाले तेव्हा याच लोकांनी आपली पारख गावांकडे वळविली. सोनाराच्या कानशीतून उडालेला कीस, जिलईच्या वेळी झडलेली भुकटी, हातापायांना चिकटून उंबऱ्याबाहेर गेलेले कण, हे सारे झाडलोटीबरोबर सराफ ओळीच्या नालीत उतरते, हे ओळखून त्यांनी त्या नाल्यांतला गाळ उपसून धुवावयास आरंभ केला. महाराष्ट्राच्या इतर भागांत हेच काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. पहाटे, दुकाने उघडण्यापूर्वी, नालीतील काळा चिखल घमेल्यात भरणारी बाई पुष्कळांनी पाहिली असेल. पण तिची चाललेली क्रिया कचऱ्यातून धातू परत मिळविण्याची, म्हणजे आज ज्याला मोठ्या गौरवाने ‘शहरी खाणकाम’ असे नाव दिले जाते तीच आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. तिचा मान आपण तिला कधी दिला नाही, याचे मला अतोनात वाईट वाटते.

आता या मुलखात सोन्याची एक नवी वाळू साचू लागली आहे. तालुक्याच्या कचेऱ्या, बँका, शाळांतील संगणक-कक्ष, मोबाईल दुरुस्तीच्या टपऱ्या आणि घराघरांतील कपाटांचे खण यांत निकामी झालेल्या विद्युत्-उपकरणांचे ढीग वाढत आहेत. सरकारी कचेऱ्यांत त्यांचे यथावकाश निर्लेखन होते आणि घरगुती माल कबाड्याच्या हातगाडीवरून कोठे तरी रवाना होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात असा ६ कोटी २० लाख टन कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद मिळाली. त्यात सोने असते ही गोष्ट आता सर्वतोमुखी झाली आहे; आणि म्हणून जुने बोर्ड जमवून घरच्या घरी आम्लात बुडवून सोने काढण्याचा छंद पुष्कळ तरुणांना लागला आहे, किंवा लागण्याच्या बेतात आहे. हा छंद वाईट आहे असे माझे मत नाही. परंतु त्याचा कोणता भाग गृहस्थाने करावा आणि कोणत्या भागास हात लावू नये, याविषयी मला काही निश्चित सांगावयाचे आहे.

प्रथम हे पाहावे की, यंत्रात सोने घालतातच कशासाठी. विद्युत्-वाहकतेत चांदी आणि तांबे ही दोन्ही सोन्याच्या पुढे आहेत; पण तांब्यावर हवेने गंज चढतो, चांदी काळवंडते, आणि जेथे व्होल्टचा अल्पसा अंश वाहून न्यावयाचा असतो तेथे गंजाचा सूक्ष्म थरही संदेश अडवितो. सोने हवेला, दमटपणाला आणि वर्षानुवर्षांच्या पडून राहण्याला दाद देत नाही. म्हणून जेथे दोन भाग एकमेकांत खोचले जातात तेथे, तांब्यावर निकेलचा आणि निकेलवर सोन्याचा पातळ थर देतात. हा थर किती पातळ असतो? पुष्कळदा काढघाल होणाऱ्या चांगल्या प्रतीच्या जोडपट्टीवर तो सुमारे पाऊण मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. आणि सामान्य बोर्डाच्या पृष्ठभागावर जी सोनेरी छटा दिसते, ती पुष्कळदा मायक्रॉनच्या विसाव्या हिश्श्याएवढीच असते.

एक उदाहरण जवळून पाहू. जुन्या संगणकातील १८४ संपर्कांची रॅमची पट्टी भिंगाखाली धरली, तर तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी मिलिमीटरभर रुंदीच्या सोनेरी बोटांची रांग दिसते. या साऱ्या बोटांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर ते सुमारे पाच चौरस सेंटिमीटर भरते. पाऊण मायक्रॉनच्या थराने एका चौरस सेंटिमीटरवर दीड मिलिग्रॅम सोने बसते, म्हणजे एका पट्टीत फार तर सात मिलिग्रॅम. जुन्या मापाचा तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात गुंजा ९६. तेव्हा एका गुंजेसाठी सोळा-सतरा पट्ट्या आणि एका तोळ्यासाठी सोळाशेच्या आसपास पट्ट्या लागतील, त्याही सर्व जाड मुलाम्याच्या असतील तर. पातळ छटेचा बोर्ड असेल तर एका ग्रॅमसाठी जवळजवळ एक चौरस मीटर सोनेरी पृष्ठभाग खरवडावा लागेल. मोबाईलमध्ये साधारणतः ०.०३ ग्रॅम सोने असते, म्हणजे चार मोबाईलांची मिळून एक गुंज.

हा हिशेब निराशाजनक वाटेल. पण त्याला दुसरी बाजू आहे. सव्वाशे ग्रॅमच्या मोबाईलमध्ये ०.०३ ग्रॅम हे प्रमाण टनाला दोनशे-अडीचशे ग्रॅमांच्या घरात जाते, आणि ज्या खडकातून टनाला पाच ग्रॅम सोने निघते तो खडकही खाणवाले चांगला मानतात. याच्या उलट टोकाला टोकियोच्या ऑलिंपिकचे उदाहरण आहे. तेथील पदकांसाठी जपानी नागरिकांनी २०१७ ते २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे आणि त्यांतच ६२ लाख मोबाईल दिले; त्यातून पदकांसाठी ३२ किलो सोने, साडेतीन हजार किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले. सोन्याचे प्रमाण टनाला अर्धा ग्रॅमसुद्धा पडत नाही, कारण मोबाईलांबरोबर इतर नाना तऱ्हेची लहान घरगुती यंत्रेही त्या राशीत होती. सोनझऱ्याने नदीच्या वळणावर जे ओळखले तेच येथे पुन्हा लागू पडते: वाळू कोठली घ्यावी, यावर सारे अवलंबून असते.

परंतु येथे सोनझऱ्याचे पात्र मात्र निकामी ठरते. नदीने सोने मोकळे केलेले असते. कारखान्याने ते निकेलला जखडलेले असते. बोर्डाचा कूट करून तो पाण्यात धुतला तर सोन्याचा पापुद्रा इतका हलका असतो की तो तळाशी बसण्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत निघून जातो. म्हणून छंदिष्ट मनुष्य तेजाबाकडे वळतो. तेजाब हा आपल्या सोनारांच्या परिचयाचा पदार्थ आहे: हिणकस सोन्यात तिप्पट चांदी मिसळून ते मिश्रण नत्राम्लात घातले असता चांदी व तांबे विरघळते आणि सोने तळाशी राहते, ही सोने शुद्ध करण्याची पद्धत फार जुनी आहे. एकट्या नत्राम्लाला सोने दाद देत नाही. नत्राम्ल आणि लवणाम्ल यांच्या मिश्रणाला, ज्याला अम्लराज म्हणतात, ते शरण जाते आणि पिवळसर द्रवरूपाने राहते. १९४० साली जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा बोर या भौतिकशास्त्रज्ञाच्या संस्थेतील हेवेसी या रसायनशास्त्रज्ञाने लाउए आणि फ्रांक या भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदके याच द्रवात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. युद्ध संपल्यावर ती तशीच सापडली, आणि त्यातील सोने परत मिळवून नोबेल संस्थेने पदके पुन्हा घडविली. रसायनशास्त्राचे हे सामर्थ्य मन मोहून टाकणारे आहे, यात शंका नाही.

पण हेवेसीपुढे जवळजवळ शुद्ध सोने होते. बोर्ड म्हणजे तांबे, निकेल, कथील, शिसे, काच-तंतू आणि ज्वलनरोधक ब्रोमीनयुक्त राळ यांचे कडबोळे. त्यातील सोने हा नगण्य अंश. नत्राम्ल सोन्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी तांब्यावर तुटून पडते आणि भांड्यातून तांबूस-तपकिरी धूर उसळतो. हा धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. त्याच्याविषयी प्रत्येक छंदिष्टाला मुखोद्गत असावी अशी एक गोष्ट आहे: तो हुंगल्याबरोबर मनुष्य कोसळत नाही. थोडा ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते, आणि मनुष्य जेवूनखाऊन निजतो. त्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी साचू लागते आणि श्वास कोंडतो. मधल्या काळात बरे वाटल्यामुळे तो दवाखान्यात गेलेला नसतो. अहेरी किंवा भामरागडसारख्या ठिकाणाहून प्राणवायू आणि तज्ज्ञ डॉक्टर असलेल्या रुग्णालयापर्यंतचे अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या विलंबाचा अर्थ अधिक फोड करून सांगण्याची जरूर नाही. असा धूर छातीत गेला असेल तर त्रास होवो वा न होवो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि काय हुंगले ते स्पष्ट सांगावे.

धुराचा बंदोबस्त एक वेळ करता येईल. उरलेल्या पाण्याचे काय करणार? विरघळलेल्या तांब्याने हिरवेनिळे झालेले, शिसे व निकेल पोटात घेतलेले ते आम्ल हा या छंदाचा खरा पुरावा होय, आणि तो परसात ओतला जातो. चंद्रपूर-गडचिरोलीचे गाव म्हणजे विहीर, बोडी आणि मालगुजारी तलाव यांच्या साखळीवर जगणारे गाव. परसातले पाणी विहिरीत आणि विहिरीच्या वरचे पाणी तलावात जाते. विरघळलेले तांबे माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असते आणि शिशाचा परिणाम लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर होतो. दोन गुंजा सोन्यासाठी ज्या तलावावर धानाची बांधी आणि ढिवर कुटुंबांची मासळी अवलंबून आहे त्यात हे सोडणे, हा माझ्या मते गुन्हा आहे. कायद्याने पकडला न गेला तरीही.

पाऱ्याविषयी व जाळण्याविषयी दोनच शब्द पुरेत. वाळूतील बारीक सोने पाऱ्यात मिसळून घेऊन मग पारा तापवून उडवून देण्याची रीत जगभरच्या सोने धुणाऱ्यांत आहे, आणि त्या वाफेने धुणाऱ्याच्याच मज्जासंस्थेचा नाश होतो. २०१३ मध्ये मंजूर झालेला मिनामाता करार पाऱ्याच्या अशा उपयोगांनाही आळा घालण्यासाठी झाला. बोर्डावरील सोन्याला पारा लावण्याचा विचारही करू नये. आणि तांब्यासाठी वायरी पेटवून देणे, जे कबाडखान्यांच्या मागे रोज संध्याकाळी चालते आणि ज्याच्याभोवती बहुधा लहान मुलेच उभी असतात, ते डायॉक्सिन नावाच्या भयंकर विषाची शेती करणे आहे.

मग हे काम कोठे व्हावे? ज्या भट्टीत तांबे गाळतात तेथे. वितळलेले तांबे सोने, चांदी व पॅलेडियम आपल्यात सामावून घेते. पुढे ते तांबे विद्युत्-विघटनाने शुद्ध केले म्हणजे हे मौल्यवान धातू कुंडाच्या तळाशी गाळाच्या रूपाने साचतात आणि धुरावर प्रक्रिया करणारी यंत्रणा भट्टीच्याच बरोबरीची उभारलेली असते. जपानच्या अकिता प्रांतातील कोसाका हे गाव एके काळी खाणींवर जगत होते. १९९० मध्ये खाण बंद पडल्यावर तेथील धातुशाळेने जुन्या मोबाईलांतून व बोर्डांतून सोने काढण्याचे काम पत्करले. खाणींवर वाढलेल्या चंद्रपूरकरांनी या गावाची हकीकत मुद्दाम अभ्यासावी. आपल्याकडेही हैदराबादच्या सी-मेट या केंद्र सरकारच्या संस्थेने बोर्डांपासून धातू मिळविण्याचे तंत्र विकसित केले आहे.

आता छंदिष्टाच्या वाट्याला काय उरते, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, उत्तम भाग उरतो: सोनझऱ्याचा भाग. जुने यंत्र घ्यावे, प्रथम बॅटरी काढावी, कारण लिथियमची बॅटरी चेपली गेली की पेट घेते. विजेची जोडणी तोडून यंत्र काही दिवस पडू द्यावे, कारण कपॅसिटरमध्ये भार टिकून राहतो. जुना फुगीर काचेचा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह यांना हात लावू नये. पहिल्यात शिसेयुक्त काच आणि निर्वात नळी, दुसऱ्यात जीवघेणा विद्युत्-भार आणि काही भागांत बेरिलियमसारखी भयानक भुकटी असण्याचा संभव. एरवी पेचकस, पकड, लोहचुंबक, भिंग आणि सोनारी वजनकाटा एवढी सामग्री पुरते. बोर्ड करवतीने कापू नये, घासू नये, तापवू नये. २००६ पूर्वीच्या बोर्डांवरील डाखात शिसे असतेच असे धरून चालावे, हातमोजे व मुखपट्टी वापरावी, स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा लेकरांच्या खेळण्याच्या जागी हे काम कधी करू नये, आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

मग पारख सुरू होते. लोहचुंबकाला चिकटणारा भाग वेगळा, ॲल्युमिनियम वेगळे, तांब्याची वेटोळी वेगळी. बोर्डांमध्ये मोबाईल आणि सर्व्हर यांचे पहिल्या प्रतीत, रॅमच्या पट्ट्या त्यांच्याच शेजारी, संगणकाचे मुख्य बोर्ड दुसऱ्या प्रतीत, आणि टीव्ही, पंखा-नियंत्रक, चार्जर यांचे तपकिरी बोर्ड, ज्यांत सोने जवळजवळ नसते, ते शेवटी. १९९५ च्या सुमारास आलेल्या पेंटियम प्रोसारखे चिनीमातीच्या पाठीचे जुने प्रोसेसर आढळले तर ते जपावेत. पुढे सोन्याच्या तारांऐवजी तांब्याच्या तारा आल्या आणि मुलामा उत्तरोत्तर पातळ होत गेला, त्यामुळे या प्रांतात जुने तेच श्रीमंत. प्रत्येक जिनसाची वहीत नोंद ठेवावी: वर्ष, वजन, सोनेरी भागाचे क्षेत्रफळ, आणि त्यावरून काढलेला अंदाज. दहा-वीस यंत्रे अशी उलगडल्यावर मनुष्याची नजर तयार होते. पितळी रंग आणि सोन्याचा मुलामा यांतला भेद त्याला भिंगावाचून दिसू लागतो. हा आनंद निखळ आहे आणि त्यात कुणाच्या विहिरीला विष लागत नाही.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा आणि पुनश्चक्रण करणारा यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय धंदा करावयाचा नाही. आणि वर्षात हजार किंवा अधिक उपकरणे वापरणाऱ्या संस्थेने आपला कचरा नोंदणीकृत व्यक्तीसच द्यावयाचा. तेव्हा घरातील आपले जुने यंत्र उलगडणे निराळे, आणि लोकांचा कचरा विकत घेऊन त्यावर आम्ल ओतणे निराळे. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आम्लाच्या विक्रीवरही निर्बंध आले आहेत, हे ध्यानात ठेवावे.

एका घरचे दोन-चार किलो बोर्ड घेण्यास नोंदणीकृत कारखाना नागपूरहून गाडी पाठवणार नाही, ही खरी अडचण. म्हणून एखाद्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाने किंवा वाचनालयाने तालुक्यापुरती कोरड्या जागेत पेटी ठेवावी, प्रतवारी तेथेच करावी, आणि क्विंटलभर माल जमला की तो एकदम द्यावा. प्रतवारीच्या कामावर सोनझरी कुटुंबांतील माणसांना रीतसर मजुरीवर नेमावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. नालीच्या गाळातून सोन्याची रेघ ओळखणाऱ्या डोळ्यांना रॅमची पट्टी ओळखावयास आठवडाही लागणार नाही, आणि गुडघाभर चिखलातून वर येऊन हातमोजे घालून मेजापाशी बसण्याचा त्यांना आपल्या सर्वांपेक्षा अधिक अधिकार आहे. माल देताना मिश्र ढीग म्हणून देऊ नये, प्रतवार वजन करून द्यावा, कारण मिश्र ढिगाला भाव नेहमी सर्वांत हलक्या मालाचा मिळतो. आणि पावतीवर प्रत्येक प्रतीचे वजन, दर व घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक लिहून घेतल्यावाचून गाडी हलू देऊ नये.